औषध चालू असताना देवाचं काय करायचं?

प्रश्न : माझ्या लहान भावाला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी फार तेजीत, कधी फार उदास असा आजार. मागे ॲडमिट होता, आता घरी आहे, लिथियम चालू आहे. आजारात म्हणायचा, देव माझ्याशी बोलून राहिला. आई दर गुरुवारी ताजबागला, म्हणजे नागपुरातल्या ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्याला जाते, तिचं म्हणणं ताजुद्दीन बाबांनाही पागलखान्यात टाकलंच होतं ना, मग आपल्या पोराला आजारच आहे कशावरून? डॉक्टरांसमोर देवाचं नाव काढलं की ते विषयच बदलतात. इंग्लंडमधली मावसबहीण सांगते तिकडे दवाखान्यात चॅप्लिन असतो. आपल्याकडे असं कोणी असतं का?
– एक ताई, महाल

उत्तर : ताई, चॅप्लिन म्हणजे दवाखान्याच्या स्टाफमधलाच माणूस. पूर्वी पाद्रीच असायचा, आता तिकडे मुस्लिम, हिंदू, बौद्ध, इतकंच काय कुठलाच धर्म न मानणारेही हे काम करतात. देवानं मलाच का निवडलं, माझ्या हातून पाप घडलं का, असं पेशंट जे बोलेल ते शांतपणे ऐकायचं, औषधात लुडबूड करायची नाही. अमेरिकेतला अँटन बॉइसन हा पाद्री स्वतः मनोरुग्णालयात राहून आलेला, त्यानं 1925 पासून वुस्टरच्या मनोरुग्णालयात धर्मशास्त्राच्या पोरांना पेशंटजवळ बसून शिकायला लावलं.

आपल्याकडे अशी पोस्ट सहसा नसते. सरकारीत समाजसेवा अधीक्षक असतात, खाजगीत कौन्सेलर, त्यांना स्पष्ट सांगा की भावाला देवाबद्दल बोलायचं आहे, आणि डॉक्टर विषय बदलत असतील तर पुन्हा काढा, कारण त्याची श्रद्धा हा त्याच्या माहितीचाच भाग आहे आणि पुढच्या वेळी आजार उसळायला लागला तर तो बहुतेक ह्याच भाषेत बोलेल.

आता आईचं. बाबांना 1892 मध्ये इथल्या पागलखान्यात ठेवलं आणि 1908 मध्ये राजे रघुजीराव भोसल्यांनी बाहेर आणलं, हे खरंच आहे, तिथेही लोक दर्शनाला जायचे. पण त्यावरून तुमच्या भावाचं निदान कसं ठरणार? तो कितीक दिवस झोपलाच नव्हता का, पैसे उधळले का, कामधंदा बिघडला का, डॉक्टर हे बघतात. नुसतं देव मानतो किंवा चारचौघांपेक्षा वेगळा मानतो म्हणून कोणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही, हे तर 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यातच आहे. म्हणजे आईची भीती कायद्यालाही माहीत आहे बघा!

ताजबागला खुशाल जाऊ द्या, भावाला वाटलं तर तोही जाईल. दोन गोष्टींवर मात्र मी हट्ट धरीन. रात्रभराचं जागरण, कव्वाली असो की भजन, त्याला नको, झोप मोडली की तेजी परत येऊ शकते. आणि निर्जळी उपास बिलकुल नको, त्यात नागपूरचा मे महिना! अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं, मग हात जास्त थरथरणं, उलट्या, जुलाब, चालताना तोल जाणं. असं दिसलं तर वाट न बघता दवाखाना गाठा. रोजा किंवा एकादशी धरायचीच असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

कोणी भूत उतरवतो म्हणून बांधायला, मारायला निघाला तर तो गुन्हा आहे, 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात.

पुढच्या फॉलोअपला आईलाही घेऊन जा आणि बाबांचा प्रश्न तिलाच विचारू द्या. मधेच रात्री-बेरात्री काही वाटलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा फुकट नंबर आहे, मराठीत बोलता येतं.