कातडी, त्वचा, चामडं आणि अर्धा मार्क

प्रश्न गुहागरकडच्या एका शाळेतल्या बाईंचा आहे. सातवीतल्या पोराने पेपरात "कातडी हे ज्ञानेंद्रिय आहे" असं लिहिलं, बाईंनी अर्धा मार्क कापला, दुसऱ्या दिवशी त्याची आजी शाळेत हजर, की कातडी हा काय इंग्रजी शब्द आहे का! तर बाई विचारतायत की कातडी चूक आहे का, आणि चूक नसेल तर मग वाचताना खटकतं का.

चूक अजिबात नाही हो बाई. उलट घराणं बघायला गेलं तर कातडी पण संस्कृतातूनच आलीय, कृत्ति म्हणजे प्राण्याचं कातडं, शंकराचं कृत्तिवास हे नाव त्यावरूनच. त्या कृत्तिची मराठीत झाली कात, आणि कातीची कातडी. मुळात धातू कापण्याचा, म्हणजे आपली कातर पण त्याच कुळातली. चर्म वरून चाम, चामडं, चांभार. त्वचा मात्र जशीच्या तशी उचललेली, त्यामुळे ती अजून इस्त्रीच्या कपड्यात वावरते. दवाखान्याची पाटी, क्रीमची जाहिरात आणि शाळेचं पुस्तक सोडून तिला कोणी हाक मारत नाही.

पण खटकतं हेही खरंच, आणि मला वाटतं त्याचं कारण असं की आपण रोजच्या बोलण्यात कातडी पण म्हणत नाही, आपण *अंग* म्हणतो. अंगाला खाज येते, अंगावर पुरळ उठतं, अंगावर काटा येतो, थंडीत अंग फुटतं. धडधाकट, जागच्या जागी असलेली जी त्वचा तिचं नावच अंग. कातडी कधी येते तर ती लोंबायला लागली, जाड झाली किंवा अंगापासून सुटली की. म्हातारपणी कातडी लोंबते, निर्लज्जाची गेंड्याची असते, उपकार फेडायचे तर अंगाच्या कातड्याचे जोडे करतात, आणि कातडीबचाऊ माणूस तर प्रत्येक ऑफिसात एक असतोच. चामडी त्याच्याही खाली, ती फक्त लोळवायला नाहीतर दमडीशी यमक जुळवायला. म्हणून ज्ञानेंद्रियाच्या शेजारी कातडी बसली की कसंतरी होतं, सोवळ्याच्या पंगतीत जोड्यांसकट बसल्यासारखं.

आता खरी गंमत. हे सगळे समानार्थी शब्द म्हणून पाठ करतात पोरं, पण नीट बघितलं तर आपल्या लोकांनी नकळत थरच वेगळे केलेत. पुस्तकात दोन मुख्य थर देतात ना, वरची बाह्यत्वचा आणि आतली अंतस्त्वचा, खाली मग चरबीचा थर. गेल्या मे महिन्यात आमच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, धामणीची अख्खी कात मिळाली, चिऱ्याच्या फटीत शेपटीकडून अडकलेली, वाऱ्यावर हलत होती. उजेडात धरली तर आरपार दिसत होतं, पोटाच्या पट्ट्या मोजता येतील इतक्या स्वच्छ आणि डोळ्यांवरच्या दोन गोल चकत्या पण तशाच आलेल्या. रक्ताचा थेंब नाही की ओल नाही. कारण कात म्हणजे निव्वळ बाह्यत्वचेचा वरचा मेलेला थर, केराटिन नावाच्या कडक प्रथिनाचा. आपणही टाकतो, साप एकदम टाकतो, आपण रोज भुगा भुगा करून, साधारण महिन्याभरात वरचा थर नवा होतो. अंघोळीला पाठ घासल्यावर जो मळ निघतो त्यात आपलीच कात असते बरीचशी.

आणि चामडं? कातडं कमावताना केस काढतात, केसांबरोबर बाह्यत्वचा पण जाते, आतल्या बाजूची चरबी खरवडतात, मग मधे उरतं ते चामडं, म्हणजे अंतस्त्वचा, कोलॅजनच्या धाग्यांची विणलेली चटईच. म्हणजे साप टाकतो ती कात वरची, आपण पायात घालतो ते चामडं आतलं. (खैराचा तो कात वेगळा बरं का. तो कात विड्यात, ती कात गडग्यावर. चिपळूणकडे खैराचे तुकडे उकळून आटवून करतात तो पहिला, आणि त्यात टॅनिन हे तुरट द्रव्य असल्यामुळे तो कातडी कमवायला पण चालतो, म्हणजे फिरून गाठ पडतेच दोघांची.)

तसंच साल, सालटं. लहानपणी चिऱ्याच्या पायरीवर गुडघा घासला की आजी बघून म्हणायची "काही नाही रे, सालटं गेलंय", आणि खरंच रक्त नसायचं, नुसतं पाणी सुटायचं आणि चुरचुरायचं. बाह्यत्वचेत रक्तवाहिन्या नसतातच. पण ओहोटीला खडपावर कालवांनी पाय कापला तर भळाभळा, तिथे "सालटं गेलं" कोणी म्हणणार नाही, तिथे "कापलं". आजीला थर माहीत नव्हते पण शब्द बरोब्बर पडायचा.

टॅन या इंग्रजी शब्दाचं पण बघा, कातडं टॅन करतात आणि उन्हात माणूस पण टॅन होतो, त्यांना एकच शब्द. आपल्याकडे कातडं कमावतात आणि माणूस रापतो. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं, ओढणाऱ्यांच्या पाठी बघितल्या की शब्द पटतो. उन्हाने मेलॅनिन हे त्वचेतलं काळपट रंगद्रव्य वाढतं, आणि ते पेशीच्या केंद्रकावर छत्रीसारखं जमतं, आतला माल उन्हापासून जपायला. त्याच उन्हातून त्वचा ड जीवनसत्त्व पण बनवते, म्हणजे छत्री पण हवी आणि ऊन पण.

चिखल्या तर कोकणात सांगायलाच नको, लावणीत दिवसभर पाय चिखलात, बोटांच्या बेचक्यात वरचा थर भिजून पांढराफट्ट होतो, फुगतो, सुटतो आणि मग बुरशीला आयती वाट. पावसाळा सरला की उलटं, टाचांना भेगा. तळपायाला तैलग्रंथी नसतात ना, घरचं तेल नाहीच, म्हणून बाहेरचं लागतं. आमच्याकडे कोकमतेलाचा गोळा दिव्यावर धरून वितळवतात आणि भेगेत थेंब सोडतात. तो थेंब पडला की आजीचे पाय चटकन मागे जायचे, भेग थेट अंतस्त्वचेपर्यंत गेलेली असायची आणि मज्जातंतूंची टोकं तिथेच गर्दी करून असतात.

आणि बाई, तुमच्या प्रश्नातला मुद्दा पण हाच आहे. स्पर्श, गरम, गार, दुखणं कळतं ते जिवंत, अंगाला चिकटलेल्या त्वचेला, सुटलेल्या कातडीला नाही. पोराचं वाक्य शास्त्राने बरोबरच आहे, फक्त शब्दाचा रंग थोडा वेगळा पडला. माझं म्हणाल तर अर्धा मार्क देऊन टाका आणि आजी परत आल्या तर त्यांना विचारा, टाचेच्या भेगेला त्या काय लावतात.