खेड्यात बदली झाली आहे. शनिवार-रविवार घरीच, साधं खाऊन आणि सिनेमे बघून आरामात कसे घालवावेत?

तुम्ही लिहिलंय की पुण्याहून यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावी बँकेत बदली झाली, खोली घेऊन एकटे राहता. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारची सुट्टी रविवारला जोडून आली की ते दोन दिवस अंगावर येतात. जवळ थिएटर नाही, हॉटेल म्हणजे स्टँडवरची आलूबोंड्याची गाडी. बाहेर कुठे न जाता घरीच आराम करायचाय, पण तो जमत नाही.

मी दारव्हा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, १९ वर्षं झाली. नवरा नोकरीला नागपुरात, पंधरा दिवसांतून एकदा येतो. घरी मी आणि सासूबाई. सरकारी कार्यालयांना २०२० मध्ये पाच दिवसांचा आठवडा लागला, पण आमची शनिवारची सकाळची शाळा काही सुटली नाही. तरी साडेअकराला घरी आलं की पुढचा दीड दिवस आपला असतो. असे कितीतरी शनिवार-रविवार मी काढलेत आणि सुरुवातीचे फार वाईट काढलेत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पहिल्या दोन वर्षांत एक सहकारी मला पेन ड्राइव्हमध्ये दहा-बारा सिनेमे भरून द्यायचे. शनिवारी दुपारी लागले की रात्री दोनपर्यंत तीन, रविवारी आणखी दोन. स्वयंपाकाचा कंटाळा, म्हणून फरसाण, बिस्किटं, दोन मिनिटांत होणाऱ्या शेवया. सोमवारी वर्गात उभी राहिले की डोकं जड, पोट बिघडलेलं. एकदा मधल्या सुट्टीत शाळेतल्या दुसऱ्या बाईंनी विचारलं, काय पाहिलं? मला एकाही सिनेमाची गोष्ट सलग सांगता आली नाही. दोन दिवस पडून होते आणि आराम मात्र झालाच नव्हता.

तेव्हापासून आमच्या घरी दोन दिवसांत एकच सिनेमा. फार झालं तर दोन. आणि तो गुरुवारी ठरतो. हे गुरुवारचं मी मुद्दाम सांगतेय. शनिवारी रात्री जेवून मोबाइल हातात घेतला आणि मग शोधायला लागलं, की पाऊण तास नुसतं वरखाली करण्यात जातो आणि झोप येते. निवडायचं काम कामाच्या दिवशी उरकून टाका. गुरुवारी ठरवलं की डाउनलोडही वेळेत होतं. गावात संध्याकाळी सगळे घरी आले की नेट रांगतं, आणि रोजचा डाटा रात्री बाराला नवा मिळतो. त्यामुळे मी गुरुवारी झोपताना फोन खिडकीत ठेवून डाउनलोड लावते, पहाटे झालेलं असतं. शनिवारी सकाळी लॅपटॉप पूर्ण चार्ज. लाईन कधी जाईल त्याचा भरवसा नाही, पावसाळ्यात तर नाहीच. नेटचं जमत नसेल तर दूरदर्शनच्या फ्री डिशवर सह्याद्री वाहिनी लागते, तिला महिन्याचं रिचार्ज लागत नाही.

आता जेवण. माझा अनुभव असा की सिनेमाच्या दिवशी एकच मोठा गंज, म्हणजे पातेलं, चुलीवर किंवा गॅसवर चढावा आणि त्यातच सगळं व्हावं. पोळ्या लाटायच्या, दोन भाज्या, कोशिंबीर, हे त्या दिवशी नको. आमचा शनिवार गोळाभाताचा. तुम्ही पुण्याचे, कदाचित खाल्ला नसेल, म्हणून पूर्ण सांगते. दोन माणसांना पुरेल.

एक वाटी हरभऱ्याची डाळ आणि मूठभर तुरीची, सकाळी चहा झाला की भिजत टाका. चार तास हवेत. मी शाळेत निघायच्या आधी टाकते. मग पाणी पूर्ण निथळून घ्या आणि डाळ जाडसर वाटा. पाण्याचा थेंब घालू नका. मी पहिल्यांदा केला तेव्हा मिक्सर फिरेना म्हणून पाणी घातलं, गोळे भातात फुटले आणि खिचडीसारखं काहीतरी झालं. त्या वाटणात हिरवी मिरची, लसूण, जिरं, हळद, मीठ, चिरलेला सांबार आणि चमचाभर गरम तेल. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर, बाजारात मागताना लक्षात ठेवा. मग लिंबाएवढे गोळे, घट्ट वळलेले. दीड वाटी तांदूळ उघड्या गंजात शिजायला ठेवा, कुकर नको. वरचं पाणी आटून भाताला बारीक भोकं दिसायला लागली की गोळे वर अलगद बसवायचे, झाकण ठेवायचं आणि आच अगदी बारीक. बारा-पंधरा मिनिटांनी एक गोळा फोडून बघा, मध्ये कच्ची डाळ दिसली तर आणखी पाच मिनिटं.

आणि याचा जीव आहे वरच्या तेलात. लहान कढईत अर्धी वाटी फल्लीचं तेल, म्हणजे शेंगदाण्याचं, चांगलं तापू द्यायचं. मोहरी तडतडली की ठेचलेला लसूण, तो तांबूस झाला की दोन-तीन सुक्या लाल मिरच्या आणि हिंग, लगेच उतरवायचं, नाहीतर मिरची काळी पडते. ताटात गरम भात, त्यावर गोळा हाताने कुस्करायचा आणि वरून हे तेल. सोबत चिंचेचं सार किंवा पातळ कढी, आणि बुक्कीने फोडलेला कांदा. तेल ओतताना गोळ्यावर जो चर्र आवाज होतो ना, तो झाला की सासूबाई खोलीतून न बोलावता येतात.

हे जेवण साडेसातला उरकतं, मागे दोन-तीन भांडी आणि दोन ताटं. आठला सिनेमा लावता येतो आणि मध्ये उठावं लागत नाही. रविवारी दुपारी चून-भाकर. चून म्हणजे पिठलं. बेसन थंड पाण्यात आधी कालवून घ्या, गुठळ्या होत नाहीत. भाकर थापता येत नसेल तर वाईट वाटून घेऊ नका, गरम भातावर चूनही सुरेख लागतं. तळाची खरवड मात्र टाकू नका. सिनेमा बघताना तोंडात टाकायला भाजलेल्या फल्ल्या नाहीतर मुरमुरे, कांदा, लिंबू, थोडं कच्चं तेल आणि तिखट.

सिनेमे कोणते? तुम्ही या भागात नवीन आहात आणि तुमच्या काउंटरवर पीककर्जाचे कागद घेऊन माणसं येतात. म्हणून मी सगळ्यात आधी ‘गाभ्रीचा पाऊस’ बघा म्हणेन. सतीश मनवरांचा, २००९ सालचा, विदर्भातल्या कोरडवाहू शेतकऱ्याचा. शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिलेला असतो आणि बायकोला आपल्या नवऱ्याची धास्ती बसते. ती लहान मुलाला आणि सासूला त्याच्यावर नजर ठेवायला लावते. गिरीश कुलकर्णी, सोनाली कुलकर्णी आणि ज्योती सुभाष आहेत. मी तो पाहिला तेव्हा माझ्या वर्गातल्या दोन मुलांची घरं डोळ्यांपुढे आली. तुम्हालाही नंतर सोमवारी रांगेतल्या माणसाकडे बघताना तो आठवेल. फक्त रविवारी रात्री एकटे असताना लावू नका. शनिवारी संध्याकाळी बघा, म्हणजे मध्ये एक दिवस राहतो.

थकून आलेला असाल, डोक्याला काही नको असेल, तर ‘अशी ही बनवाबनवी’ कितव्यांदाही चालतो. मी आजारी असले की तोच लावते. छोटा आणि मन उजळ करणारा हवा असेल तर परेश मोकाशींचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ बघा. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली पहिला चित्रपट कसा उभा केला, घरादारासकट, त्याची गोष्ट आहे. दीड-पावणेदोन तासांत संपतो. भारतात पूर्ण लांबीचा कथापट कुणी बनवत नव्हतं तेव्हा हा माणूस घरातली चीजवस्तू विकून त्याच्यामागे लागला होता. ते पाहिल्यावर सिनेमा चालू असताना फोन बघायचं मन होत नाही.

(बदली पूर्वेकडे, गडचिरोली-चंद्रपूरकडे झाली असती तर मी घरात बसा म्हटलंच नसतं. दिवाळीनंतर झाडीपट्टीत, म्हणजे त्या भागात, गावोगावी रात्रभर नाटकं होतात, ती सोडून लॅपटॉपवर काय बघायचं.)

ऋतूप्रमाणे वेळ बदला. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ ला जातो. तेव्हा सिनेमा दुपारी एकला, खिडक्या लावून, कूलरसमोर. कूलरच्या आवाजात संवाद ऐकू येत नाहीत, म्हणून तेव्हा खालच्या ओळी, म्हणजे सबटायटल्स, चालू ठेवते. नळ सकाळी येतो तेव्हाच कूलरची टाकी भरून ठेवायची. स्वयंपाक सकाळी आठच्या आत उरकून टाकायचा. दुपारी दहीभात, कच्चा कांदा, ताक. गोळाभात तेव्हा नको, तो पावसाळ्या-हिवाळ्याचा. कापूस वेचायच्या दिवसांत सगळं गाव वावरात असतं. दुपारी इतकं शांत होतं की पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांच्या, गंजीवरून शेळी उतरलेली ऐकू येते. तेव्हा सिनेमाही लावत नाही, बाज ओसरीत टाकून झोपते. तोही शनिवार-रविवारच.

आता एक प्रसंग सांगते, कारण तुमच्या प्रश्नातलं ‘एकटा’ हे माझ्या मनात राहिलंय. दोन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये सासूबाईंसाठी ‘देवकीनंदन गोपाळा’ लावला होता. १९७७ सालचा, राजदत्तांचा, गाडगेबाबांवरचा. श्रीराम लागू गाडगेबाबा झालेत. गाडगेबाबा अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे, म्हणजे आमच्या सासूबाईंना घरचेच. त्यांच्या वडिलांनी बाबांचं कीर्तन समोर बसून ऐकलेलं. सिनेमा अर्धा-पाऊण तास उरला असेल, जोराचा पाऊस आला आणि लाईन गेली. त्या दिवशी मी लॅपटॉप चार्ज केला नव्हता, पाचच मिनिटांत तोही बंद पडला. मी चिडून मेणबत्ती शोधायला उठले.

सासूबाई म्हणाल्या, “काहून उठतं व माय, बस न. पुढचं मी सांगतो तुले.”

आणि त्यांनी सांगितलं. बाबा गावात आले की आधी झाडू घ्यायचे, गाव झाडून झाल्यावर कीर्तन. कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारायचे आणि लोकांकडूनच उत्तर काढायचे. त्या दोन्ही आवाजांत बोलत होत्या, बाबांच्याही आणि लोकांच्याही. शेवटी १९५६ च्या डिसेंबरात अमरावतीला नेताना वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलापाशी बाबा गाडीतच गेले, इथवर आल्या आणि थांबल्या. बाहेर पाऊस कमी झाला होता. तेवढ्यात भिंतीपलीकडून शेजारच्या काकूंचा आवाज आला, “मंग काय झालं, आजी?” त्या पलीकडे त्यांच्या ओसरीत बसून सगळं ऐकत होत्या. मला तोवरच्या १७ वर्षांत त्या कधी सिनेमाला बोलवाव्याशा वाटल्या नव्हत्या.

साडेदहाला लाईन आली. सासूबाई म्हणाल्या, “आता राहू दे, उद्या पाहू.” रविवारी दुपारी उरलेला सिनेमा आम्ही तिघींनी पाहिला. काकू येताना वाटीभर जवसाची चटणी घेऊन आल्या होत्या. आता त्या महिन्यातून एकदा तरी असतातच, आणि गोळ्यांची डाळ मी दीड वाटी भिजवते.

म्हणून तुम्हालाही माझं एवढंच सांगणं आहे, की या चौथ्या शनिवारी डाळ थोडी जास्त भिजवा. भात झाला की एक ताटली झाकून घरमालकांकडे द्या आणि आठला सिनेमा लावतोय म्हणून सांगा. कुणी येईल, कुणी नाही येणार. ताटली मात्र आमच्याकडे रिकामी परत येत नाही. हिवाळ्याचे दिवस असतील तर बहुतेक मिठाच्या पाण्यात उकडलेल्या तुरीच्या शेंगा येतील. त्या रविवारच्या सिनेमाला ठेवा, अंधारातही सोलता येतात.