दापोलीत बी.एस्सी. फॉरेस्ट्री करतोय. अमेरिकेत कृष्णवर्णीय शेतकरी आणि जंगलमालकांसोबत काम करणाऱ्या फॉरेस्टरचं करिअर कसं असतं?

मीही दापोलीचाच, म्हणून अरेतुरे करतो. अठरा वर्षं अलाबामात हेच काम करतोय.

इथलं बहुतेक जंगल खाजगी. घरामागचं चाळीस-पन्नास एकर लोब्लोली पाइन म्हणजे एखाद्या कुटुंबाची पेन्शन. पंधराव्या वर्षाच्या आसपास पहिली विरळणी, तिशीला कापणी. झाड साडेचार फुटांवरच मोजायचं, दापोलीत शिकवतात तसंच. हा भाग सोपा.

पहिल्याच वर्षी सत्तरीतल्या एका बाईंच्या रानाचा मी झकास आराखडा केला. विरळणी, हिवाळ्यातला नियंत्रित जाळ, अनुदानाचा अर्ज, सगळं. त्यांनी पानं चाळली आणि विचारलं, "सही कुणाची लागेल?" जमीन आजोबांच्या नावावर, मृत्युपत्र नाही. वारस निघाले तेवीस. निम्मे डेट्रॉइट-शिकागोकडे, त्यांतल्या काहींनी ते रान पाहिलंही नव्हतं. आराखडा दोन वर्षं फायलीत पडून राहिला. चूक माझी, आधी विचारायला हवं होतं.

याला इथे 'एअर्स प्रॉपर्टी' म्हणतात. सातबाऱ्यावरचं सामायिक खातं डोळ्यांपुढे आण. फरक एवढाच, की एका हिस्सेदारानं, किंवा त्याचा हिस्सा घेतलेल्या परक्यानं, कोर्टात वाटणी मागितली की अख्खी जमीन लिलावात निघायची. १९१० च्या सुमारास देशभरातल्या कृष्णवर्णीयांकडे १.५ कोटी एकरांच्या आसपास जमीन होती. त्यातली बहुतांश गेली, त्यात या वाटेनं गेलेलीही बरीच. अलाबामानं २०१४ मध्ये नवा कायदा केला. आता विक्री मागणाऱ्याचा हिस्सा आधी बाकीच्या वारसांना घेता येतो. २०१८ च्या फार्म बिलनंतर, म्हणजे केंद्राच्या शेती कायद्यानंतर, मालकीची कागदपत्रं अर्धवट असली तरी 'फार्म नंबर', म्हणजे कृषी खात्याकडचा जमिनीचा नोंदणी क्रमांक, मिळू शकतो. तो नसेल तर अनुदान विसरा.

लोकांचा विश्वास बसायला वेळ लागतो, आणि का लागू नये? अमेरिकेच्या कृषी खात्यानं कृष्णवर्णीय शेतकऱ्यांना कर्ज देताना भेदभाव केल्याच्या दाव्यात १९९९ मध्ये समझोता झाला, तोवर कित्येकांच्या जमिनी हातच्या गेल्या होत्या. सरकारी योजनेचं नाव काढलंस तर लाकडी दार उघडतं, जाळीचं बंदच राहतं. टस्कीगी या इथल्या कृष्णवर्णीयांच्या जुन्या विद्यापीठाच्या विस्तार कार्यकर्त्यांसोबत किंवा रविवारी चर्चनंतर भेटलास तर ओट्यावर खुर्ची मिळते.

आणखी एक काम म्हणजे उक्ते सौदे रोखणं. आपल्याकडे आंब्याची बाग उक्ती देतात, तसा व्यापारी उभं रान मागतो. त्याच बाईंना असा भाव आला होता. वारसांची कागदपत्रं मार्गी लागल्यावर मी झाडं मोजली, बंद लिफाफ्यात बोली मागवल्या. वरची बोली जवळपास दुप्पट निघाली.

पगार लाकूड कंपन्यांपेक्षा कमी. इथलं मास्टर्स कर, राज्याचा परवाना काढ. आणि पहिल्या भेटीत झाडं मोजायची टेप गाडीतच ठेव. वही काढून आजोबांपासून वंशावळ लिहायला बस. चहा मिळणार नाही, साखर ठासून भरलेला आइस टी मिळेल. नको म्हणू नकोस.