रिकाम्या हातांनी परतलेली गस्त

प्रश्न : गेले काही महिने मी ‘सायलेंट हंटर ३’ हा दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पाणबुड्यांचा कॉम्प्युटर गेम खेळतोय. टाइप ७-सी पाणबुडी, तळ फ्रान्समधलं लोरियां बंदर, काळ १९४१ चा उत्तरार्ध. गेल्या चार गस्तींत मिळून एकच जहाज दिसलं, तेही तटस्थ देशाचं. नेमून दिलेल्या चौकोनात जातो, चोवीस तास घिरट्या घालतो आणि परत येतो. वेळ १०२४ पटींनी पळवूनही कंटाळा येतो. गेममध्ये बिघाड आहे की माझं काही चुकतंय? दुसरा गेम घ्यावा का?

उत्तर : दुसरा गेम इतक्यात घेऊ नका. तुमच्या पत्रातली ‘१०२४’ ही संख्या मला सगळ्यात जास्त खटकली. त्या वेगाने चोवीस तास म्हणजे तुमच्या घड्याळातली ८४ सेकंदं. एवढ्या वेळात तुम्ही समुद्र पाहिलेलाच नाही, नकाशावरून सरकणारा एक ठिपका पाहिलात. एका सेकंदात सतरा मिनिटं उलटतात. टेहळणीवरच्या माणसाला काही दिसलं तर गेम आपोआप वेग कमी करतो हे खरं, पण त्याला जे दिसलंच नाही त्याचं काय?

आणि दिसणार तरी किती? आता कागद-पेन्सिल घ्या. तुम्हाला मिळतो तो दोन अक्षरं-दोन अंकांचा चौकोन, उदाहरणार्थ एएम ५३. जर्मन नौदलाच्या नकाशावर त्याची एक बाजू साधारण ५४ सागरी मैल, म्हणजे १०० किलोमीटर. क्षेत्रफळ दहा हजार चौरस किलोमीटर. बुरुजावर उभ्या असलेल्या माणसाचा डोळा पाण्यापासून पाचेक मीटर उंच धरला, तर क्षितिज आठ किलोमीटरवर येतं. मोठ्या जहाजाचे डोलखांब त्याहून लांबून दिसू शकतात, पण ते स्वच्छ हवेत. म्हणजे दोन्ही बाजूंचा मिळून सोळा किलोमीटरचा पट्टा तुमच्या नजरेत. ९ नॉटच्या (तासाला ९ सागरी मैल) चालीने तासाला सुमारे २७० चौरस किलोमीटर पाणी नजरेखालून जातं. सगळा चौकोन एकदा, फक्त एकदा, बघून व्हायला ३७ तास लागतात, आणि ते सगळे लख्ख दिवसाचे असावे लागतात. तुम्ही तिथे थांबता चोवीस तास. त्यात अर्धी रात्र, उरलेल्यात पाऊस. शिवाय तुम्ही एका कोपऱ्यातून दुसऱ्यात जाईपर्यंत जहाजं थोडीच थांबून राहतात! तेव्हा रिकामी गस्त हा बिघाड नाही. हा हिशेब आहे, आणि गेमने तो प्रामाणिकपणे मांडला म्हणून मी त्याच्यावर इतकी वर्षं जीव लावून आहे.

डोळे कमी पडतात तिथे कान कामाला लावायचे. पाण्यावर असताना या गेममध्ये हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातले आवाज ऐकायचं यंत्र, निकामी असतो, म्हणून दर तीन तासांनी मी बुडी मारतो. २५ मीटर खोली, यंत्रं बंद. मग स्वतः हायड्रोफोनच्या चाकावर बसायचं आणि ३६० अंश फिरवायचं, अगदी सावकाश, एका फेरीला दोन-तीन मिनिटं देऊन. हे काम गेममधल्या ध्वनी-खलाशावर सोडू नका. त्याने तोंड उघडण्याआधी कितीतरी लांबचा आवाज आपल्याला ऐकू येतो. मालवाहू जहाजाचा पंखा (पाण्यात फिरून जहाज ढकलणारा) संथ ‘धप-धप’ करतो, लढाऊ जहाजाचा आवाज चिरचिरा आणि घाईचा. आवाज सापडला की दिशा लिहून ठेवा, थोड्या वेळाने पुन्हा ऐका. दिशा बदलत नसेल आणि आवाज मोठा होत असेल, तर ते जहाज तुमच्याकडेच येतंय.

माझ्याकडे गस्तींची वही आहे. तिच्यातलं सगळ्यात मोठं पान एका २९ दिवसांच्या गस्तीचं आहे, आणि त्या गस्तीत एकही टॉर्पेडो सुटला नाही. वाऱ्याची नोंद १५ मीटर प्रतिसेकंद, सलग सहा दिवस. तोफ वापरायचा प्रश्नच नव्हता, टेहळणीवाल्यांना पाण्याच्या भिंतींखेरीज काही दिसत नव्हतं. अकराव्या बुडीत २८० अंशांच्या आसपास इतकी अस्पष्ट धपधप आली की मी खोलीतला पंखा बंद केला. चाक एक अंश इकडे, एक अंश तिकडे. एक नाही, अनेक पंखे. ताफा, म्हणजे लढाऊ जहाजांच्या पहाऱ्यात चाललेली मालवाहू जहाजं! वर आलो, तासभर उत्तरेला धावलो, पुन्हा बुडी, पुन्हा कान. चौथ्या वेळी ऐकलं तेव्हा त्या धपधपीच्या पुढे एक चिरचिरा आवाज वेगळा निघाला होता आणि थेट माझ्याकडे येत होता. खाली राहावं लागलं. आता टाइप ७-सीचं दुखणं बघा : पाण्याखाली जास्तीत जास्त चाल ७.६ नॉट, तीही बॅटरी झपाट्याने खाऊन. बॅटरी पुरवायची तर ४ नॉट, आणि त्या चालीने सगळी मिळून ८० सागरी मैल. ताफा ९ नॉटने चाललेला. मी १५० मीटरवर गप्प बसून त्याला निघून जाताना ऐकलं. पहाटे वर आलो तेव्हा फक्त पाऊस होता. चौदा टॉर्पेडो घेऊन निघालो, चौदाच्या चौदा घेऊन परतलो. ते पान मी अजूनही काढून वाचतो.

आणखी एक. चोवीस तास भरले की तुम्ही मोकळे आहात. घरी परत या असं कोणी म्हणत नाही. १० नॉटने ८,५०० सागरी मैल जाईल इतकं तेल तुमच्या टाक्यांत असतं. आयर्लंड आणि स्कॉटलंडमधल्या नॉर्थ चॅनेलच्या पश्चिम तोंडाशी जा, नाहीतर जिब्राल्टरच्या वाटेवर सीजी चौकोनांत. जहाजांच्या वाटेला आडवे फिरा, वाटेच्या बाजूबाजूने नको.

तुम्ही निवडलेल्या काळाबद्दल मुद्दाम सांगतो. १९४१च्या मे महिन्यात ब्रिटिशांनी यू-११० ही पाणबुडी पकडली आणि तिच्यातून संदेश सांकेतिक करणारं एनिग्मा यंत्र व सांकेतिक कागदपत्रं हाती लागली. त्या उन्हाळ्यापासून ब्लेचली पार्क या ब्रिटिशांच्या संकेत उलगडणाऱ्या केंद्रात जर्मन पाणबुड्यांचे संदेश फारसा उशीर न होता वाचले जाऊ लागले. पाणबुड्यांची रांग कुठे लागली आहे ते कळलं की ताफा वळसा घालून नेला जाई. १९४१च्या उत्तरार्धात कितीतरी खरे कप्तान आठवडेच्या आठवडे रिकाम्या पाण्याकडे बघत राहिले, आणि आपल्याला काही का सापडत नाही हे त्यांना समजत नव्हतं. फेब्रुवारी १९४२मध्ये अटलांटिकच्या पाणबुड्यांना चार चाकांचं नवं एनिग्मा यंत्र मिळालं, तेव्हा कुठे पुढचे दहा महिने ब्रिटिशांची ती खिडकी बंद झाली. तुमच्या चार गस्ती त्या हिवाळ्याआधीच्या आहेत. इतिहासाशी त्यांचं चांगलं जुळतं.

प्रश्न : रिकाम्या गस्तीत करायचं काय? दुसरं काही करत बसलं तर लक्ष उडतं.

उत्तर : सराव करा. वरच्या वाचकांना दिसलेलं तटस्थ जहाज म्हणजे सरावाची आयती संधी होती. टॉर्पेडो न सोडता पूर्ण हल्ला रचायचा. स्वतःची पाणबुडी थांबवा, पेरिस्कोपची उभी रेघ एका जागी धरा आणि जहाजाचं नाक रेघेला लागल्यापासून शेपूट सुटेपर्यंतची सेकंदं मोजा. ओळख-पुस्तिकेत लांबी १२० मीटर निघाली आणि २६ सेकंदं लागली, तर चाल सेकंदाला ४.६ मीटर, म्हणजे ९ नॉट. मग अंतर, मग त्याच्या नाकाचा कोन, म्हणजे ते आपल्या नजरेच्या रेषेशी किती तिरकं चाललंय ते. मनातल्या मनात ‘सोडा’ म्हणा, घड्याळ लावा आणि टॉर्पेडो पोचला असता त्या क्षणी जहाज खरंच तिथे होतं का ते तपासा. मी पहिल्या वर्षी असे वीसेक खोटे हल्ले केले. त्यातले पहिले आठ सपशेल चुकले. खऱ्या हल्ल्यात आठ टॉर्पेडो फुकट जाण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

वेग २५६च्या वर नेऊ नका आणि दर चार तासांची एक ओळ वहीत लिहा : जागा, वारा, ढग, तेल. खऱ्या कप्तानांनाही युद्ध-रोजनिशी लिहावी लागे.

प्रश्न : काही न बुडवता तळावर परतलो की मला बरं वाटतं. युद्धाच्या गेममध्ये असं वाटणं विचित्र आहे का?

उत्तर : मुळीच नाही, आणि हे लिहिल्याबद्दल तुमचे आभार. जर्मन पाणबुड्यांवर गेलेल्या सुमारे चाळीस हजार माणसांपैकी तीस हजारांच्या आसपास परत आली नाहीत. समोरच्या बाजूला ब्रिटिश व्यापारी जहाजांवरचेही तीस हजारांहून जास्त खलाशी गेले. त्या जहाजांच्या बॉयलरपाशी कोळसा ओढणाऱ्यांत हिंदी खलाशी हजारोंनी होते. हे आकडे वाचल्यापासून रिकाम्या गस्तीकडे मी फक्त ‘हुकलेली शिकार’ म्हणून बघू शकत नाही. मी ताफ्याला निघून जाताना ऐकलं त्या रात्री मला चुटपुट लागली होती, आणि तरी शेवटचा पंखा ऐकू येईनासा झाला तेव्हा मी नकळत श्वास सोडला होता. दोन्ही खरं होतं. वहीत त्या तारखेखाली मी जहाजांची संख्या लिहिली नाही, कारण ती मोजताच आली नव्हती. लिहिलं ते एवढंच : ‘ताफा पूर्वेकडे गेला. आपले सगळे सुखरूप. बॅटरी ३१ टक्के.’