वाचकांचे प्रश्न: गॅस गिझर पेटत का नाही?

प्रश्न (खानापूर): नळ सोडला तरी आमचा सहा लिटरचा गिझर पेटत नाही. कधी टकटक होते, कधी तीही नाही. सेल दोनदा बदलले.

उत्तर: टकटक होते की नाही, यावरच निदान ठरते. नळ सोडला की पाण्याच्या दाबाने आतला रबरी पडदा, म्हणजे डायफ्राम, पिन ढकलतो. त्याने मायक्रोस्विच, म्हणजे छोटे बटण, दबतो आणि मगच टकटक करत ठिणगी पडून गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो. टकटकच नसेल तर दोष बहुधा पाण्याकडे असतो. पाणी आत येते तिथली बारीक जाळी काढून धुवा. पहिल्या पावसाच्या तांबड्या गाळाने ती बुजते. टाकीचा तळ गिझरच्या वर निदान दोन-अडीच मीटर हवा. तेवढी उंची नसेल तर छोटा प्रेशर पंप बसवावा लागेल. जाळी साफ आहे, पाण्याला जोर आहे, तरी आवाज नाही? मग पडदा फाटला किंवा ताठरला असेल, तो बदलून घ्या.

सेल बदलले म्हणता, पण ते कोणते? दीड व्होल्टचे दोन मोठे अल्कलाइन सेल लागतात, दोन्ही एकदमच नवे. चार्जिंगचे सेल 1.2 व्होल्टचे असतात. दोन मिळून 2.4 व्होल्टच होतात आणि व्हॉल्व्ह उचलायला कमी पडतात. खोबणीतल्या पत्र्यांवरचा हिरवट गंज पॉलिश पेपरने घासा.

टकटक आहे पण ज्योत नाही, तर गॅस पोहोचत नाही. सहा लिटरचा गिझर तासाला पाऊण ते एक किलो गॅस ओढतो. थंडीच्या पहाटे, सिलिंडर संपत आला असताना, शेगडीला पुरणारा गॅस गिझरला पुरत नाही. नुकताच सिलिंडर बदलला असेल तर नळीतली हवा जाईपर्यंत दोन-तीनदा नळ उघडबंद करा.

प्रश्न (निपाणी): गिझर पेटतो, पाच-सात सेकंदांत विझतो. पाणीही पूर्वीसारखे कडक येत नाही. बोअरचे पाणी आहे.

उत्तर: ही दोन वेगळी दुखणी आहेत. विझण्याचे कारण बहुधा ज्योत ओळखणारी सेन्सरची काडी. तिच्यावर काजळी धरली किंवा ती ज्योतीबाहेर वाकली, की यंत्र गॅस तोडते. गॅस बंद करून, गिझर गार झाल्यावर ती हलकेच घासा.

पाणी कोमट येते ते कॉइलमधल्या, म्हणजे पाणी तापवणाऱ्या तांब्याच्या नळीतल्या, क्षारांमुळे. लिटरभर कोमट पाण्यात 50 ग्रॅम लिंबूसत्व विरघळवून ते कॉइलमध्ये अर्धा-पाऊण तास ठेवायचे आणि भरपूर पाण्याने धुवायचे. दोन्ही नळ्या सोडाव्या लागतात, म्हणून हे काम मेकॅनिककडूनच करून घ्या.

प्रश्न (बेळगाव): गिझर न्हाणीत आहे. ज्योत पिवळी दिसते. आंघोळीनंतर आईला चक्कर येते.

उत्तर: आजपासून तो गिझर लावू नका. आईंना डॉक्टरांकडे न्या आणि गिझरचे नक्की सांगा. पिवळी ज्योत म्हणजे गॅस अर्धवट जळतो आहे. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वासही नाही. गॅसचा ओळखीचा वास जळताना नाहीसा होतो. डोके दुखणे, मळमळ, चक्कर ही कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेची लक्षणे. बेळगावच्या झडीत खिडक्या दिवसेंदिवस बंद राहतात, तेव्हा धोका सर्वांत मोठा. एक्झॉस्ट फॅनवर विसंबू नका. गिझर बाहेरच्या मोकळ्या भिंतीवर, पत्र्याच्या आडोशाखाली लावा आणि आत फक्त गरम पाण्याची नळी आणा. पाऊस लागतो म्हणून त्याला प्लॅस्टिक गुंडाळू नका. बर्नरची धूळ आणि कॉइलच्या पात्यांमधली काजळी साफ झाल्यावर ज्योत निळी दिसली पाहिजे. त्याआधी तो कोणीही वापरू नये.

न्हाणीत कोणी बेशुद्ध आढळले, तर आधी दार-खिडकी उघडा, त्यांना मोकळ्या हवेत आणा, मग गॅस बंद करा आणि 108ला फोन लावा.