पालकातले कॅडमियम आणि बायोचार

प्रश्न : नाल्याकाठच्या जमिनीत पालक, लाल माठ घेतो. पूर्वी नाल्याचे पाणी द्यायचो, आता बोअरचे देतो. भाजीत कॅडमियम हा विषारी धातू जास्त निघाला. बायोचारने कमी होईल का? किती टाकायचा? – एक शेतकरी, ठाणे जिल्हा

उत्तर : बायोचारने, म्हणजे कमी हवेत भाजून केलेल्या कोळशाने, कमी होईल, पण आधी अहवाल नीट वाचा. पालेभाजीची मर्यादा किलोला ०.२ मिलिग्रॅम आहे, ती ताज्या भाजीवर. पालकात नव्वद टक्के पाणी असते, म्हणून वाळवलेल्या पाल्यावरचा २ हा आकडा ताज्या पाल्यावर जेमतेम ०.२ भरतो. बरीच घबराट इथेच होते.

कोळसा बांबूचा किंवा साध्या लाकडाचा करा. रंगवलेले लाकूड आणि त्याच शेतातला काडीकचरा नको, त्यातला धातू कोळशात उतरतो. २ मिमीच्या चाळणीने चाळा. १० किलो कोळशाला पाव किलो ०:५२:३४ (स्फुरद आणि पालाश असलेले विद्राव्य खत), ३० लिटर पाण्यात विरघळवून, एक दिवस भिजवा. निथळून उरलेले पाणीही त्याच वाफ्यात द्या. हा स्फुरद कॅडमियमला, त्याहूनही शिशाला, न विरघळणाऱ्या रूपात बांधतो.

एका गुंठ्यातली वरची १५ सेंमी माती सुमारे २० टन भरते. तिचा एक टक्का म्हणजे २०० किलो कोळसा. खर्च बघता पहिल्यांदा एकच गुंठा करा, शेजारचा तसाच ठेवा आणि दोन्हींचा पाला तपासा. माती तपासाल तर डीटीपीए पद्धतीने, ती पिकाला उचलता येईल एवढाच धातू मोजते. एकूण कॅडमियम तेवढेच दिसणार, कारण कोळसा धातू काढत नाही, अडकवतो.

कोळसा ओला असतानाच पसरा, त्याची भुकटी छातीत जाते. पेरणीआधी दोन आठवडे मातीत मिसळून पाणी द्या. नंतर रोपे पिवळी पडली तर नत्र कमी पडले समजा, थोडा युरिया द्या. वेगळा स्फुरद मात्र नको : जास्त झाला की जस्त अडते, आणि जस्ताची उणीव असलेले पीक कॅडमियम अधिक उचलते. म्युरेट ऑफ पोटॅशही (पोटॅशियम क्लोराइड) टाळा. क्लोराइडशी जोडी जमली की कॅडमियम मातीत सुटे फिरते. खाडीलगतच्या बोअरचे पाणी मचूळ असेल तर तोच त्रास, तेव्हा पाण्यातले क्लोराइड आधी मोजा.

प्रश्न : हाच कोळसा आर्सेनिकला चालेल?

उत्तर : नाही, उलट बाधेल. स्फुरद आर्सेनिकला मातीच्या कणांवरून हुसकावून लावतो. तिथे हिराकसाच्या (फेरस सल्फेट) पाण्यात भिजवून, चुन्याने सामू ७ च्या आसपास आणलेला लोहयुक्त कोळसा लागतो.