आबा रोज विचारतात, रिपोर्टात काय आलंय

प्रश्न : आमचे आबा ६८ वर्षांचे. गालात आतून जखम होती, बायोप्सी केली. रिपोर्ट आल्यावर डॉक्टरांनी आबांना बाहेरच बसवलं आणि मला नि भावाला आत बोलवून कॅन्सर आहे, ऑपरेशन लागेल, घरी बोलून ठरवा असं दोन मिनिटांत सांगून टाकलं. भाऊ म्हणतो साधी गाठ आहे म्हणूया, खचतील ते. पण आबा रोज विचारतात, रिपोर्टात काय आलंय गं? काय करू?
– एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : ताई, आबा रोज विचारतायत म्हणजे त्यांना कळायला हवंय, तेव्हा सांगायचंच. भाऊ मायेपोटी बोलतोय हे कळतं, पण या ऑपरेशनमध्ये कधी कधी जबड्याचा भागही काढावा लागतो, खाणं-बोलणं बदलतं, नंतर रेडिएशन लागू शकतं, आणि हे सगळं साध्या गाठीच्या नावाखाली कसं लपवणार? शिवाय सही आबांचीच लागते. २००८ च्या समीरा कोहली खटल्यात पेशंट भुलीखाली असताना आईची संमती घेऊन केलेलं ऑपरेशन सुप्रीम कोर्टानं चुकीचं ठरवलं.

डॉक्टरांचं वागणं मलाही पटलं नाही. ओपीडीत गर्दी असते हे खरंय, पण ज्याचा आजार त्यालाच बाहेर बसवायचं ही सवय आहे आणि ती मोडलीच पाहिजे. असं कसं सांगावं हे शिकता येतं, २००० साली कॅन्सरच्या डॉक्टरांनी स्पाइक्स नावाची सहा पायऱ्यांची पद्धत मांडली, निवांत जागी बसायचं, पेशंटला आधी काय माहितीय ते विचारायचं, किती ऐकायचंय तेही विचारायचं, मग साध्या शब्दांत थोडं थोडं सांगायचं, रडू आलं तर थांबायचं, आणि शेवटी पुढं काय करायचं ते मिळून ठरवायचं. आपल्याकडं एमबीबीएसच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात पेशंटशी कसं बोलायचं हे आलंय, पण जुन्या डॉक्टरांना आपणच सांगावं लागतं.

तेव्हा परत अपॉइंटमेंट घ्या, बोलायला वेळ हवाय हे फोनवरच सांगा आणि आबांना आत घेऊन जा. आदल्या दिवशी त्यांना विचारा, आबा, डॉक्टर तुम्हाला सगळं सांगू देत की मोजकंच? ते म्हणतील तसं. स्टेज कितवी, जेवण कधी सुरू होईल, महात्मा फुले योजनेत बसतं का, हे प्रश्न कागदावर लिहून न्या, ऐन वेळी डोकं सुन्न होतं. आबा तंबाखू खात असतील तर ती बंद करायचं डॉक्टर सांगतीलच, तुम्ही मात्र त्या दिवशी त्यावरून आबांना एक शब्द बोलू नका.